लादीखालचा खर्च

डॉक्टर काकू, सा. न. वि. वि.

मी दातांची डॉक्टर, बी. डी. एस. आहे. गेली चार वर्षं बडोद्यातच दोन क्लिनिकमध्ये पगारावर काम करतेय. आता स्वतःचं क्लिनिक काढायचं ठरलंय. मांजलपूरला एका नव्या कॉम्प्लेक्समध्ये पहिल्या मजल्यावर ४५० चौरस फुटांचं दुकान बघितलं. भाडं महिना २२,०००, डिपॉझिट दीड लाख, करार ११ महिन्यांचा. इंटिरियरवाल्याने फुटाला १,८५० रुपये भाव दिला, म्हणजे ८ लाख ३२ हजार. डीलरचं पॅकेज १० लाख ४० हजारांचं: तीन-तीन लाखांच्या दोन डेंटल चेअर आणि कॉम्प्रेसर, ऑटोक्लेव्ह (हत्यारं निर्जंतुक करायचं यंत्र), एक्स-रे, आरव्हीजी (दाताचा एक्स-रे कॉम्प्युटरवर दाखवणारा सेन्सर) मिळून ४ लाख ४०. माझ्याजवळ ६ लाख आहेत, बँक ११ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी १५ लाख देतेय, आणि सासूबाई त्यांची ३ लाखांची एफडी मोडायला तयार आहेत. एकूण २४. खर्च पावणेएकोणीस, म्हणजे सव्वापाच उरतात. हे म्हणतात, आहेत पैसे तर दोन्ही चेअर घेऊन टाक. सासरे म्हणतात, दांडिया बाजारातल्या आपल्या वाड्याच्या तळमजल्यावरच्या पुढच्या दोन खोल्या रिकाम्याच आहेत, तिथे काढ. वाडा सासऱ्यांच्या आणि पुण्याला असणाऱ्या थोरल्या चुलत सासऱ्यांच्या नावावर आहे. मला तो फार जुनाट वाटतो. माझं बजेट बरोबर आहे का? दोन चेअर घेऊ का? आणि एफडीचं काय करू?

हिशेबात अडकलेली, बडोदे

चि. हिशेबात अडकलेली, अनेक आशीर्वाद.

तुझी बेरीज बरोबर आहे, यादी अर्धी आहे. इंटिरियरवाल्याचा कागद पुन्हा काढून अगदी खालची बारीक ओळ वाच. तिथे ‘जीएसटी अलग’ लिहिलेलं असणार. ८ लाख ३२ हजारांवर १८ टक्के म्हणजे दीड लाख, ते धरून ९ लाख ८२ हजार झाले. दुकानदाराला हा कर पुढे वळता करून घेता येतो, आपल्याला येत नाही. दातांच्या उपचारांवर जीएसटी नाही, त्यामुळे आपण भरलेल्या जीएसटीचं क्रेडिटही नाही. तो सरळ खर्चात धरायचा. डीलरच्या आकड्यातही कर धरलाय की नाही ते लेखी विचार. धरलाय असं समजून पुढे जाते.

९ लाख ८२ आणि १० लाख ४०, झाले २० लाख २२. डिपॉझिट दीड लाख. काम तीन महिने चालणार, त्या काळात पेशंट नाही पण भाडं आहे, ते ६६ हजार. हातातली सगळी हत्यारं, फोर्सेप्स, फाईल्स (दाताची मुळं साफ करायच्या बारीक सुया), बर, इम्प्रेशन ट्रे, सिमेंटं, काँपोझिट, हातमोजे, पहिल्या दिवशी कपाटात हवंच असं सगळं दोन चेअरसाठी दोन लाखांच्या आत बसवायला तारांबळ उडेल. डीलर पॅकेज दाखवतो तेव्हा हे कधी दाखवत नाही, कारण पॅकेजच्या फोटोत चेअर छान दिसते, फाईलची डबी दिसत नाही. दोन एसी ९० हजार. कॉम्प्युटर, इन्व्हर्टर, बाहेरचा बोर्ड ७५ हजार. अडीअडचणीला एक लाख. कुठे आलो? २७ लाख ३ हजार. आणि अजून तू शटर उघडलेलं नाहीस.

आता शटर उघड. १५ लाखांचा पाच वर्षांचा हप्ता महिना ३२,६०० बसतो. भाडं २२,०००. मदतनीस मुलीचा पगार १२,००० धरते. वीज ६,०००, कचरा-फोन-साफसफाई ४,०००. महिन्याला ७६,६००. पहिले सहा महिने पेशंट येतील, पण या खर्चाएवढे येतील असं धरून चालणं म्हणजे उसने अवसान. सहा महिन्यांचे ४ लाख ६० हजार बाजूला हवेतच. झाले ३१ लाख ६३ हजार. जवळ २४. सव्वापाच उरत नाहीत, साडेसात लाखांहून जास्त कमी पडतात.

घाबरू नकोस. हे कागदावर कळतंय तोवर फुकट आहे. मला लादी फोडून कळलं होतं.

१९८९ साली रावपुऱ्यात पहिल्या मजल्यावर माझं पहिलं क्लिनिक झालं. खाली कापडाचं दुकान. चेअरपासून संडासाच्या डक्टपर्यंत, म्हणजे पाइप खाली उतरतात त्या पोकळीपर्यंत, बारा फूट अंतर होतं. प्लंबर म्हणाला, “थई जशे, बेन.” होऊन जाईल. मी म्हटलं, बरं. पाइप टाकला, वर सुंदर पांढरी लादी बसली, पूजा झाली, पेढे वाटले. तिसऱ्या महिन्यात एका आजोबांनी चूळ भरली आणि स्पिटूनमधलं पाणी खाली जाण्याऐवजी हळूहळू वर आलं, कापसाच्या बोळ्यासकट. आजोबा सज्जन, म्हणाले, “असू द्या, माझ्या घरच्या मोरीचंही असंच आहे.” पण त्याच आठवड्यात खालच्या शेठच्या साड्यांच्या गठ्ठ्यावर थेंब पडले. लादी फोडली तेव्हा दिसलं की पाइप जवळजवळ सपाट टाकला होता, मधे तर पोटात झुकला होता, आणि त्या झोळीत रक्ताच्या गुठळ्या, कापूस आणि प्लास्टर साचून दगड झाला होता. प्लंबर अर्थातच गावाला गेला होता. साड्या मी विकत घेतल्या. त्यातल्या दोन मोरपंखी अजून कपाटात आहेत, कधी नेसले नाही.

तेव्हापासून मी कुणाचंही क्लिनिकचं बजेट बघते तेव्हा फुटाचा भाव बघत नाही. दोन ढीग करते. एक लादीच्या खाली आणि भिंतीच्या आत जाणारा: पाणी, ड्रेन, हवेची लाइन, सक्शनची लाइन, वायर, अर्थिंग. दुसरा टेंपोतून येणारा: चेअर, एसी, कपाटं, कॉम्प्युटर. टेंपोतून येणारं आज नाही तर वर्षाने येईल, न आवडलं तर विकता येईल. लादीखालचं एकदाच होतं. आणि आपण नेमकं उलटं करतो. चेअरवर जीव टाकतो, कारण ती ब्रोशरमध्ये असते, आणि पैसे ओढाताणीला आले की पाइपाची जाडी कमी करतो.

म्हणून पहिलं काम हे कर: चेअर कोणती ते ठरवल्याशिवाय फरशीला हात लावू देऊ नकोस. प्रत्येक कंपनीच्या चेअरचा खालचा डबा, जिथून पाणी, हवा, ड्रेन आणि वीज वर येते, तो वेगळ्या जागी असतो. डीलरकडे त्याचा नकाशा असतो. तो माग, आणि डीलरचा टेक्निशियन, प्लंबर आणि वायरमन या तिघांना एकाच दिवशी एकाच वेळी जागेवर बोलाव. एकेकटे आले की प्रत्येक जण जो तिथे नाही त्याच्यावर ढकलतो. खडूने जमिनीवर चेअर पूर्ण आडवी काढा. पाठ टेकवलेला माणूस सहा फूट लांब असतो हे कागदावर लक्षात राहत नाही. मग तू डोक्याच्या बाजूला स्टुलावर बस, मदतनीस मुलीला दुसऱ्या बाजूला बसव, आणि बघ दार उघडतंय का.

आता त्या मांजलपूरच्या जागेकडे याच नजरेने बघू. पहिला मजला आहे, स्लॅब फोडता येणार नाही. ड्रेनला फुटामागे पाव इंच उतार हवा. डक्टपर्यंत बारा फूट असेल तर उतारालाच तीन इंच गेले, त्यात दोन इंची पाइप, वर मसाला आणि लादी. म्हणजे चेअरची खोली सहा इंच उचलावी लागणार. सहा इंचांची पायरी म्हणजे आपल्या कवळीच्या पेशंटांना आमंत्रण देऊन पाडणं. उतरंड करायची तर इंचाला फूट धर, सहा फूट लांब उतरंड. साडेचारशे फुटांत ती कुठे बसवणार? तुझ्या इंटिरियरवाल्याच्या नकाशात ती आहे का? मला शंका आहे. हे सगळं करून झाल्यावर तो उंचावलेला ओटा, त्यातले पाइप, वायरिंग, सगळं मालकाचं. करार ११ महिन्यांचा! बाराव्या महिन्यात तो भाडं तीस हजार म्हणाला तर तू काय पाइप उपटून नेणार? भाड्याची जागा घ्यायचीच असेल तर निदान पाच वर्षांचा करार हवा आणि तो रजिस्टर केलेला. एका वर्षाच्या वरचा भाडेपट्टा रजिस्टर करावाच लागतो, त्याचा खर्च मुद्दाम वाचवायला जाऊ नये. काम चालू असतानाचे दोन महिने भाडं माफ माग, नव्या कॉम्प्लेक्समध्ये मालक देतात. जाताना चेअर, एसी, कपाटं, कॉम्प्रेसर घेऊन जाण्याचा हक्क नावानिशी लिहून घे.

मग वाडा. तो तुला जुनाट वाटतो. खरं सांगू, तळमजला, भाडं शून्य, खाली माती, हे ऐकून माझ्या तोंडाला पाणी सुटलं. माती खणता येते. ड्रेनला हवा तेवढा उतार देता येतो. ओटा नको, पायरी नको. पण वाडा आपले खर्च घेऊन येतो, आणि ते फुटाच्या भावात कधीच नसतात.

पहिला पाण्याचा. तू दांडिया बाजारात राहतेस, मी काय सांगायचं. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी गावात शिरली आणि २०१९ च्या त्या एका पावसाच्या दिवशी रस्त्यांच्या नद्या झाल्या, तेव्हा तुमच्या ओळीत पाणी कुठवर आलं होतं ते शेजारच्या म्हाताऱ्यांना विचार. त्यांना बोट ठेवून दाखवता येतं. त्या खुणेच्या वर एक फूट हे तुझं माप. वीज-बोर्ड, प्लगा, कॉम्प्रेसर सगळं त्याच्या वर. चेअरच्या बुडाशी इलेक्ट्रॉनिक पाटी असते, तिला पाणी लागलं की एका रात्रीत लाखाची वस्तू भंगार. खूण उंबऱ्याच्या खाली असेल तर प्रश्न नाही, वर असेल तर चेअर मागच्या उंच खोलीत ने. आणि ड्रेन जिथे रस्त्याच्या चेंबरला मिळतो तिथे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसव. पावसात गटार भरलं की ते उलट्या दिशेने सगळ्यात खालचं भोक शोधतं, आणि ते तुझं स्पिटून असू नये.

दुसरा ओलीचा. चुन्याच्या भिंतींवर कुणीतरी कधीतरी सिमेंटचं प्लास्टर केलेलं असतं आणि ओल आत कोंडते, मग पापुद्रे सुटतात. त्यावर नुसता रंग मारणाऱ्याला पैसे देऊ नकोस. ओल कुठून येतेय ते आधी शोध: वरची मोरी, मागचा पन्हाळ, की जमिनीतून. पाइप आणि वायरी जुन्या विटांच्या भिंतीत खोबणी पाडून घालू नकोस, बाहेरून पट्टीत घे. थोडं कमी सुंदर दिसेल, पण विटा खिळखिळ्या होणार नाहीत आणि पुढे दुरुस्ती हाताशी राहील. खोलीत लाकडी खांब, तुळया असतील तर वाळवीचा उपचार फरशीच्या आधी.

कॉम्प्रेसर मागच्या पडवीत, जाळीच्या पिंजऱ्यात, छपराखाली, भरपूर हवा खेळेल असा. ऑइल-फ्री घे आणि दोन चेअरला पुरेल असा घे, हे एक मशीन मात्र आत्ताच मोठं घ्यायचं. पावसाळ्यात टाकीत पाणी साचतं, रोज संध्याकाळी खालचा कॉक सोडायची मुलीला सवय लाव, नाहीतर दात कोरायच्या हँडपीसमधून पेशंटच्या तोंडात गंजाचं पाणी. आणि सासूबाईंची दुपारची झोप त्या पडवीच्या कुठल्या बाजूला असते तेही बघ. हसू नकोस. एका मैत्रिणीच्या घरात क्लिनिकच्या याच कारणावरून सहा महिने अबोला होता.

पाणी बोअरचं की महानगरपालिकेचं? आजवा-महीचं नळाचं पाणी बरं, बोअरचं जड. जड पाण्याने चेअरच्या बारीक नळ्या आणि ऑटोक्लेव्ह दोन्हींत खार धरतो. चेअरला पाण्याची वेगळी बाटली असणारं मॉडेल घे, ऑटोक्लेव्हला डिस्टिल्ड. विजेचा भार वायरिंगच्या आधी मोजून घे. दीड टनाचा एसी दीड किलोवॉटच्या आसपास, ऑटोक्लेव्ह दोन, कॉम्प्रेसर एक-सव्वा, त्यात चेअर, सक्शन, एक्स-रे. घराच्या जुन्या मीटरवर हे ओढू नकोस. एमजीव्हीसीएल या वीज कंपनीकडे वेगळं व्यापारी कनेक्शन माग आणि थ्री-फेज लागेल का ते तेव्हाच विचार.

वाड्यातला सगळ्यात मोठा खर्च मात्र सहीचा आहे. पुण्याचे चुलत सासरे. सासरे म्हणतील, दादा काही नाही म्हणणार नाही. नसतीलच म्हणत. पण उद्या त्यांची मुलं म्हणतील. त्यांच्याकडून लेखी संमती हवी: या दोन खोल्या किती वर्षं, कशासाठी, आणि तू केलेल्या कामाचे पैसे वाटणीत कसे धरायचे. वकिलाकडून कागद करून घे, बँकही जागेचा पुरावा मागणारच. व्यापारी वापर झाला की महानगरपालिकेचा कर वाढेल, तो वाढीव भाग तू भरणार हेही त्याच कागदात घाल. माझ्या ओळखीत भाऊबंदकी वाड्याच्या भिंतीवरून कमी आणि बिलावरून जास्त झाली आहे.

आता वाड्याचा हिशेब. हे माझे अंदाज आहेत, तुझ्या भावांनी भरून काढ. खणकाम, पाइप, वायरिंग, अर्थिंग, फरशी ३ लाख ८०. ओलीचा आणि वाळवीचा इलाज, प्लास्टर, रंग ९० हजार. कपाटं, बेसिनचे ओटे, बसायची बाकं १ लाख ६०. सगळं करासकट ६ लाख ३०. एक चेअर आणि डीलरची बाकी यंत्रं ७ लाख ४०. हत्यारं आणि माल दीड लाख. एक एसी ४५ हजार, पुढच्या खोलीत पंखा पुरे, जाड भिंतींच्या वाड्यात दुपारीही गार असतं. कॉम्प्युटर वगैरे ७५ हजार. १६ लाख ४० झाले. अडीअडचणीला नव्या जागेत बांधकामाच्या दहा टक्के धरतात, जुन्या वाड्यात मी वीस धरते, कारण फरशी उचलल्यावर खाली काय निघेल ते सयाजीरावांनाही सांगता आलं नसतं. म्हणजे सव्वा लाख. १७ लाख ६६.

एक चेअर, हे वाचून नवरोजी नाराज होतील. त्यांना गणित दाखव. पहिल्या वर्षी दिवसाला चार पेशंट आले तर उत्तम. चार गुणिले चाळीस मिनिटं, तीन तासही होत नाहीत. दुसऱ्या चेअरवर कोण बसणार? दुसरी चेअर दुसऱ्या हातांसाठी असते, रूट कॅनलवाला किंवा वाकडे दात सरळ करणारा ऑर्थोचा कन्सल्टंट आठवड्यातून येऊ लागला की. म्हणून लादीखाली पाइप, हवा, वायर दोन चेअरची टाक, दुसऱ्या जागेवर झाकण लाव, वर कुंडी ठेव. संध्याकाळचे पेशंट सलग दोन महिने अर्धा तास खोळंबायला लागले की कुंडी उचल. तोवर त्या तीन लाखांचं व्याज वाचलं. जुनी चेअर घेऊ का असंही तू विचारशील. चेअर जुनी चालेल, मोटर आणि खालची पाटी कुणा जाणत्याकडून तपासून. ऑटोक्लेव्ह जुना घेऊ नकोस, कितीही स्वस्त मिळाला तरी.

पैसे देताना इंटिरियरवाल्याला फुटाच्या भावात नको, आयटमवार लिहून मागायचं: किती फूट पाइप, किती इंची, कुठल्या कंपनीचा, किती पॉइंट, लादी किती रुपये फुटाची. ‘टर्नकी’, म्हणजे सगळं करून थेट किल्ली हातात, हा शब्द दिसला की विचार, यात एसीची कॉपर लाइन आहे का, अर्थिंग आहे का, हवेची लाइन आहे का. बहुतेक नसते, आणि ‘एक्स्ट्रा’ म्हणून ती शेवटच्या आठवड्यात येते, जेव्हा तू पत्रिका छापून बसलेली असतेस. पहिला हप्ता वीस टक्क्यांच्या वर देऊ नकोस. दुसरा हप्ता पाइप तपासल्यावर. तपासायची रीत अशी: लादी बसायच्या आधी बादलीभर पाण्यात नीळ कालव, चेअरच्या जागेवरून ओत आणि चेंबरपाशी कुणाला तरी उभं कर. निळं पाणी झरझर आलं पाहिजे आणि बादली संपल्यावर पाइपात थांबून राहता कामा नये. मग हवेची लाइन दाबाने भरून रात्रभर ठेव, सकाळी काटा तिथेच हवा. प्रत्येक पाइपाशेजारी टेप ठेवून फोटो काढ, भिंतीपासूनचं अंतर वाचता येईल असे. पाच वर्षांनी कुणी भोक पाडायला ड्रिल घेऊन येईल तेव्हा हेच फोटो कामाला येतात. शेवटचे दहा टक्के पहिला पाऊस पडून गेल्यावर. ठेकेदार कुरकुरेल, कुरकुरू दे.

बँकेला एक विचार: १५ लाखांतले किती थेट डीलरला जाणार आणि किती तुझ्या हातात येणार? यंत्रांचं कर्ज बहुधा कोटेशनवर सरळ डीलरला जातं, फरशीला बँक हात लावत नाही. म्हणून तुझे स्वतःचे ६ लाख फरशीसाठी राखून ठेव, चेअरच्या बुकिंगला देऊन बसू नकोस. दहा लाख मुदत कर्ज आणि पाच लाख ओव्हरड्राफ्ट असं मिळतंय का बघ. ओव्हरड्राफ्टवर वापरलं तेवढ्याचंच व्याज. दहा लाखांचा हप्ता महिना पावणेबावीस हजार. त्यात मुलीचा पगार १२, वीज ५, किरकोळ ४. महिन्याला पावणेत्रेचाळीस हजार, सहा महिन्यांचे २ लाख ५७. आधीचे १७ लाख ६६ मिळवले की २० लाख २३. तुझे सहा आणि बँकेचे पंधरा, २१. बसलं. सगळी बिलं तुझ्या नावावर घे, ह्यांच्या नाही. यंत्रांवर १५ टक्के, फर्निचरवर १० आणि कॉम्प्युटरवर ४० टक्के घसारा, म्हणजे आयकर मोजताना झीज म्हणून वजावट, मिळतो तो ज्याचं क्लिनिक त्यालाच.

परवान्यांचं थोडक्यात. एक्स-रे घेण्याआधी मशीन अणुऊर्जा नियामक मंडळाने मान्य केलेलं आहे ना बघ आणि त्यांच्या ई-लोरा पोर्टलवर नोंदणी कर, डीलर मदत करतो पण जबाबदारी तुझी. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम तुला पाठ असतील. गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी खाटा नसलेल्या क्लिनिकला एकदाच घ्यावी लागते, कचरा उचलणाऱ्या केंद्राशी करार मात्र चालू ठेवावा लागतो. पिवळी, लाल, पांढरी, निळी अशा चार डब्यांची जागा नकाशातच काढ, नंतर त्या पेशंटच्या पायात येतात. गुजरातच्या २०२१ च्या क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायद्याखालची नोंदणीही आहे. फी फारशा नाहीत, वेळ जातो. खणकाम सुरू होईल त्याच आठवड्यात अर्ज टाक.

आणि एफडी. मोडू नकोस. वरच्या हिशेबात ती कुठेच लागली नाही हे तू पाहिलंसच. अगदी नड आली तर तिच्यावर कर्ज मिळतं, एफडी तशीच राहते. सासूबाईंना नाही म्हणताना “लागली तर तुमच्याकडेच येईन” असं म्हण, नुसतं “नको” म्हणू नकोस. पहिल्या महिन्यात गल्ल्यात साठ हजार दिसले की घरात सगळे खूश होतील, तेव्हा माझ्या खालच्या कापडवाल्या शेठचं वाक्य आठव: “बेन, वकरो एटले नफो नहीं.” जमा झालेलं सगळं आपलं नसतं. कवळ्या बनवणाऱ्या लॅबचं बिल महिनाअखेरीस येतं.

चुलत सासऱ्यांनी सही दिली नाही तर? मग मांजलपूर एका चेअरने करून बघितलं तरी २८ लाखांच्या आसपास जातं, मी मांडून पाहिलं. तेव्हा ते सोड, वर्षभर आहेस तिथेच पगारावर राहा, आणि तळमजल्याची जागा शोध. पण आधी विचारून तर बघ. गणपतीला ते बडोद्यात येत असतीलच. त्याच दिवसांत भिंतींची ओलही सगळ्यात नीट दिसते, म्हणून मिस्त्रीलाही तेव्हाच बोलाव. सही झाली आणि खणायला सुरुवात झाली की मला निळ्या पाण्याचा व्हिडिओ पाठव.

तुझी,
डॉक्टर काकू